उंच गाडी, तोकडे पाय

कवितेच्या चरणात एक मात्रा जास्त झाली की चरण अडखळतो, हे मी गेली अठरा वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. मोटारसायकलच्या शॉकअपलाही मात्रा असतात, हे कळायला मात्र मला शीळ फाट्यावर पडावे लागले.

आमचे बिऱ्हाड डोंबिवलीला, सासुरवाडी ठाण्याला, नौपाड्यात. लोकलच्या गर्दीत सौ.चा जीव घुसमटतो, म्हणून रविवारी आम्ही मोटारसायकलने जातो. कल्याण-शीळ रस्ता ज्यांनी अनुभवला आहे त्यांना अधिक सांगणे न लगे. सिमेंटचा गुळगुळीत तुकडा संपतो न संपतो तोच पेव्हर ब्लॉक सुरू होतात, आणि पावसाळा सरला की ते म्हाताऱ्याच्या दातांसारखे कुठे वर, कुठे आत, तर कुठे मुळीच नाहीत, असे उरतात. तशात मागच्या शॉकअपांतून तेल गळू लागले. चाक खड्ड्यात गेले की 'खट्' आवाज व्हायचा आणि सौ. कमरेवर हात ठेवून म्हणायची, "अहो, जरा हळू!"

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, कंपनीचे कशाला घेता? बाहेरचे गॅसवाले टाका. गाडी उंच होईल, कुठे घासणार नाही." त्याच्या ओळखीच्या एका गॅरेजात लाल स्प्रिंगांची झोकदार जोडी बसवली. तिथल्या पोऱ्याने स्प्रिंगखालची कडी पार पाचव्या खाचेपर्यंत फिरवली आणि ग्वाही दिली, "आता एकदम टाइट, सर!"

गाडी खरेच उंच झाली. बाजूच्या स्टँडवर ती नको इतकी कलू लागली, मधल्या स्टँडवर लावली तरी मागचे चाक जमिनीला टेकलेलेच राही, आणि रात्री हेडलाइटचा झोत पुढच्या चाकासमोर लोळण घेऊ लागला. शिवाय माझ्या टाचा अधांतरी! नवरात्रात शीळ फाट्याच्या कोंडीत गाडी थांबवली आणि डावा पाय टेकवायला गेलो, तो नेमका खचलेल्या ब्लॉकवर. चवडा पोचेपर्यंत गाडीने तोल सोडला होता. सुदैवाने मागचा टेम्पो उभाच होता. सौ.चे कोपर सोलवटले. ती उठली, पदर झटकला आणि शांतपणे म्हणाली, "मी पुढे रिक्षाने येते." बावीस वर्षांच्या संसारात इतके छोटे आणि इतके जड वाक्य मी ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी पाना उचलण्याआधी शिवणकामाची टेप काढली! गाडी मधल्या स्टँडवर चढवून, स्टँडखाली फळी सरकवून चाक लोंबते ठेवले आणि चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजले. मग गाडी खाली उतरवून मला बसवले आणि पुन्हा मोजले. फरक जेमतेम एक सेंटिमीटर. "सर, मागचं चाक साधारण दहा सेंटिमीटर वरखाली होतं. माणसं बसल्यावर त्यातलं तिसरा हिस्सा तरी दबायला पाहिजे. खड्डा आला की चाकाला खाली जायला जागा नको का?"

"पण टाइट स्प्रिंग चांगली ना?"

काका हसले. "स्प्रिंग तेवढीच कडक आहे. ती फक्त आधीपासून दाबून ठेवलीय."

हे मला काही पटेना. अखेर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याला विचारले. त्याने चहाच्या कपाशेजारी कागद ओढला. रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडलेला नियम असा, की स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणात ती उलट जोर लावते. ते प्रमाण तारेच्या जाडीवर आणि वेटोळ्यांवर ठरते, कडी फिरवून ते बदलत नाही. कडीने स्प्रिंगला आगाऊ दाब मिळतो, इतकेच. त्यामुळे तेच ओझे पेलताना गाडी वर राहते आणि आपण त्या उंचीलाच बळकटी समजतो. उसळी आवरण्याचे काम तर स्प्रिंगचे नाहीच, ते आतल्या तेलाचे. अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर जाड चाकांच्या एटीव्ही गाड्या पळतात, त्यांचाही हिशेब हाच. तिथे उगाच उंची वाढवली की वळणावर गाडी कलंडायला सोपी.

(आपल्या या बाजूला शॉकअपचे ज्ञान दुर्मिळ असण्याचे खरे तर कारण नाही. गॅब्रिएल इंडिया ही शॉकअपची कंपनी १९६१ साली ठाण्याला लागून असलेल्या मुलुंडातच सुरू झाली.)

काकांनी कडी पाचव्या खाचेवरून दुसऱ्या खाचेवर आणली. आता मी एकटा बसलो की गाडी अडीच सेंटिमीटर दबे. टाचा बऱ्याच खाली आल्या, पण पुरत्या टेकेनात. "हे पान्यानं जायचं नाही," काका म्हणाले, "ही जोडीच बोटभर लांब आहे, दुसऱ्या गाडीच्या मापाची." मूळ मापाची नवी जोडी घेतली. लाल जोडीचे पैसे गेले ते गेलेच. भाच्याला मी काही बोललो नाही. बोलणार तरी काय, लाल रंग मलाही आवडला होता!

नव्या जोडीवरही तोच टेपप्रयोग झाला. एकट्याला दुसरी खाच ठरली. सौ.साठी तिसरी, पण त्याकरिता तिला गॅरेजात येऊन सीटवर बसणे भाग होते. दोन रविवार मी विनवण्या केल्या. तिसऱ्या रविवारी ती आली, काकांच्या हातातली टेप पाहून म्हणाली, "ब्लाउजचं माप घेताय की काय?" आणि बसली. गाडी साडेतीन सेंटिमीटर दबली. माझे दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले होते, हे तिने वाकून स्वतः पाहिले.

आता उत्तरपत्रिकांच्या पिशवीत एक चंद्रकोरीसारखा पाना असतो. कडी दोन्ही बाजूंना सारख्याच खाचेवर हवी, म्हणून मी रविवारी खाली जाऊन आधी डावी, मग उजवी फिरवतो. या दिवाळीला पहाटे फडके रोडवर तरुण पोरापोरींची गर्दी पाहून आम्ही तसेच पुढे नौपाड्याला जाणार आहोत. निघण्यापूर्वी ती विचारेलच, "अहो, तिसरी लावलीत ना?"