जुनी गेम डिस्क घेणं म्हणजे डेव्हलपरवर अन्याय?

नगरच्या एका मित्राने विचारलंय, "दादा, सेकंडहँड पीएस-फोर डिस्क घेणं म्हणजे पायरसीच ना?"

नाही. पायरसीत एकाच्या दहा कॉपी होतात. जुनी डिस्क एकच राहते. विकली की विकणाऱ्याला ती खेळता येत नाही. पुण्याला अप्पा बळवंत चौकातून आपण इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं आणायचो, तसंच हे. शिवाय जुनी डिस्क विकून आलेल्या पैशांत अनेक जण नवा गेम घेतात. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी जुन्या डिस्कवर बंधनं आणायचं ठरवलं. गेमर्स भडकले आणि त्याच जूनमध्ये कंपनीला माघार घ्यावी लागली.

पण मीही कोड लिहूनच पोट भरतो, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. दुसऱ्या विक्रीतला एक रुपयाही डेव्हलपरला मिळत नाही. मोठा स्टुडिओ ते सोसतो. छोट्या टीमचं तसं नसतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं 'राजी'साठीचं किकस्टार्टर २०१७ मध्ये फसलं, तरी त्यांनी २०२० मध्ये गेम आणलाच.

म्हणून माझा हिशोब साधा आहे: मोठ्या गेमची जुनी डिस्क बिनधास्त घ्या. वाचलेल्या पैशांतून छोट्या टीमचा एखादा गेम मात्र विकत घ्या, सेलमध्ये का होईना!