टॅकोमीटरची दुरुस्ती (जुन्या मोटारी)

टॅकोमीटर हे इंजिनाचा भुजादंड (क्रँकशाफ्ट) मिनिटाला किती फेरे घेतो ते दाखवणारे उपकरण आहे. जुन्या पेट्रोल मोटारींतील विद्युत टॅकोमीटर इग्निशन कॉइलकडून येणारे स्पंद मोजतो. चार सिलिंडरच्या चतुर्घात इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. म्हणजे ३,००० फेऱ्यांना सेकंदाला १०० स्पंद. काटा चुकीचा असल्यास त्यावरून लावलेली इंजिनाची मंदगतीही चुकते.

मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या मोटारीत हा मीटर बहुधा मागाहून बसवलेला असतो. त्याची सिलिंडर निवडण्याची कळ चारऐवजी सहावर राहिली, तर ३,००० फेऱ्यांना काटा २,००० दाखवतो. अशा वेळी मीटर उघडण्याचे कारणच नसते. काटा थरथरत असल्यास सैल अर्थिंग व डिस्ट्रिब्युटरचे झिजलेले पॉइंट आधी तपासावेत.

चूक सर्व वेगांना सारख्या प्रमाणात असेल, तर आतील धारित्र (कपॅसिटर) वयोमानाने बिघडल्याचा संशय घ्यावा. ते बदलल्यावर काटा पुन्हा जुळवावा लागतो. त्यासाठी प्रमाण घरातच मिळते : सावनेर असो वा मुंबई, वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असते. लहान रोहित्राने १२ व्होल्टपर्यंत उतरवलेली वीज पूर्ण-तरंग एकदिशकारकातून नेली की सेकंदाला १०० स्पंद मिळतात. मीटरला बॅटरीचा पुरवठा देऊन हे स्पंद त्याच्या संकेत-तारेला द्यावेत आणि मंडलावरील लहान स्क्रू फिरवून काटा ३,००० वर आणावा. कॉइलमधील मोठ्या व्होल्टेजवरच चालणाऱ्या मीटरांना ही युक्ती लागू पडत नाही. २३० व्होल्टची तार मीटरला थेट जोडणे प्राणघातक ठरू शकते.