ऑनलाइन दुकानाच्या फायली कुठे ठेवाव्यात?

ऑनलाइन दुकानात मालाची नावे, किमती, ऑर्डरी या नोंदी डेटाबेसमध्ये जातात. फोटो, पीडीएफ आणि आयात-निर्यातीच्या फायली फोल्डरमध्ये राहतात. मॅजेंटो या प्रणालीत मालाचे फोटो मुळात सर्व्हरवरच्या 'पब/मीडिया' या फोल्डरमध्ये साठतात. सर्व्हर एकच असेपर्यंत एवढे पुरते. दिवाळीच्या गर्दीसाठी दुसरा सर्व्हर जोडला, की पहिल्यावर चढवलेला पैठणीचा फोटो दुसऱ्यावर सापडत नाही आणि काही गिऱ्हाइकांना फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसते.

यावर उपाय म्हणजे सर्व सर्व्हरना सामायिक असा दूरचा साठा. मॅजेंटोच्या २.४.२ आवृत्तीपासून ॲमेझॉन एस-३ या साठवण सेवेवर फायली ठेवण्याची सोय आहे. आधी एस-३ वर एक 'बकेट', म्हणजे फायलींचा कप्पा, तयार करतात. त्यासाठी मुंबई विभागही निवडता येतो. मग बकेटचे नाव, विभाग आणि प्रवेशाच्या किल्ल्या सेटअपच्या कमांडमधून देतात. ही माहिती 'एन्व्ह.पीएचपी' फाइलमध्ये नोंदली जाते, म्हणून ती फाइल कोड जपणाऱ्या गिट प्रणालीत जाऊ देऊ नये. नुसती सेटिंग बदलल्याने जुने फोटो हलत नाहीत. त्यासाठी सिंकची कमांड वेगळी चालवावी लागते.

किल्लीला त्याच बकेटपुरती परवानगी द्यावी. मालाचे फोटो सर्वांना दिसायला हवेत. आयात-निर्यातीच्या फायलींत मात्र गिऱ्हाइकांचे पत्ते असू शकतात, त्यामुळे तो भाग बंदच ठेवावा.