भुकेची रेघ कुठे मारायची?

जगात उपाशी माणसं किती, असं १९५० च्या सुमारास कुणी विचारलं तर उत्तर तयार असे: दोन-तृतीयांश. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे, म्हणजे 'एफएओ'चे, पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनीच तसं लिहिलं होतं, आणि त्यांना नुकतंच शांततेचं नोबेल मिळालं होतं. एवढ्या वजनदार माणसाचा आकडा खोडायला कोण धजावणार? धजावला तो त्याच संघटनेतला एक अधिकारी, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकून आले आणि कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. पिकाचा अंदाज त्या काळी आणेवारीवर चाले. महसुली कर्मचारी शेताकडे नजर टाकून आणे ठरवणार. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे यांनी शेतं यदृच्छया निवडायची, ठरावीक तुकड्यातलं पीक कापायचं आणि ते तोलायचं, ही पद्धत रुजवली. पीकविम्यामुळे आज शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला 'पीक कापणी प्रयोग' हा याच पद्धतीचा वारस.

१९५१ ते १९७० ही वर्षं सुखात्मे रोममध्ये एफएओच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. अशा संघटनेतल्या वरिष्ठ शास्त्रज्ञाकडून नव्या वाणाची किंवा खताची अपेक्षा नसते. देशोदेशींच्या सरकारांना मान्य करावं लागेल असं माप त्यानं तयार करायचं असतं. अडचण अशी, की मापासाठी लागणारी माहिती तीच सरकारं पुरवतात, आणि निघालेलं उत्तर त्यांना आवडेलच असं नाही. स्वतःच्या संघटनेलाही ते अडचणीचं ठरू शकतं. १९६० मध्ये महासंचालक बिनय रंजन सेन यांनी भूकमुक्तीची जागतिक मोहीम सुरू केली होती; मोहिमेला आकडा जितका मोठा तितका बरा!

सुखात्म्यांचा आक्षेप साधा होता. १९४६ च्या पहिल्या जागतिक अन्न पाहणीत देशाची माणशी सरासरी पाहिली जाई. ती २,२५० कॅलरीच्या खाली असली की तिथली सगळी लोकसंख्या एकाच खात्यात जमा. पण सरासरी कमी असलेल्या देशातही कुणी भरपेट जेवतं, आणि सुबत्तेच्या देशातही कुणी अर्धपोटी राहतं. म्हणून त्यांनी उपलब्ध अन्न लोकांमध्ये कसं विभागलं जातं याचा अंदाज बांधला, आणि वय, वजन, हवामान पाहून गरजेची रेघ ओढली. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी निष्कर्ष मांडला: कॅलरीच कमी पडणारे लोक १० ते १५ टक्के, भूक किंवा कुपोषण किंवा दोन्ही सोसणारे, फार तर निम्मे.

पुढचा वाद प्रथिनांचा. साठच्या दशकात जगावर 'प्रथिनांचं संकट' आल्याची हाकाटी झाली होती. सुखात्मे म्हणाले, भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनं बहुतेकांना पुरतात; पोटच भरलं नाही तर शरीर प्रथिनंही सरपणासारखी जाळतं. सत्तरच्या दशकात तज्ज्ञ समितीने प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले.

निवृत्तीनंतर ते पुण्यात आले आणि तिथेही गप्प बसले नाहीत. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये २,२५० कॅलरींवरून दारिद्र्यरेषा मांडली होती. सुखात्म्यांचं म्हणणं, ही तर सरासरी गरज. एकाच निरोगी माणसाचं खाणंही काळानुसार कमीजास्त होतं, तेव्हा रेघेखालचा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. दांडेकरांशी त्यांची जोरदार जुंपली. पोषणतज्ज्ञ गोपालनही विरोधात उभे राहिले. इथे मात्र टीकाकारांच्या शंकेत तथ्य होतं. रेघ खाली सरकवली की कागदावरची गरिबी आपोआप घटते, आणि कमी खाऊन तग धरणाऱ्या शरीराला त्याची किंमत मोजावीच लागते.

एफएओची भुकेची मोजणी मात्र सुधारित रूपात अजून सुखात्म्यांनी आखलेल्या वाटेनेच होते. २०२४ साठी तिने दिलेला आकडा सुमारे ६७ कोटी ३० लाख, म्हणजे जगाच्या ८.२ टक्के. जोडीला आता आठ प्रश्नांची एक यादी घेऊन लोकांनाच विचारलं जातं: पैशाअभावी गेल्या वर्षभरात जेवण चुकवावं लागलं का? दिवसभर उपाशी राहावं लागलं का? त्या उत्तरांवरून निघालेला आकडा २३० कोटींच्या घरात आहे, आणि दोन्ही आकडे एकाच अहवालात छापले जातात.