काळ्या मातीच्या अंगणात खडी टाकण्याआधी



शिरड शहापूर आणि आजूबाजूच्या गावांतल्या बैठकांत अंतर्गत कर्जाचं एक कारण हल्ली वरचेवर ऐकू येतं : "अंगणात खडी टाकायची आहे." गरज खरी आहे. पावसाळ्यात न्हाणीपासून वसरीपर्यंत नुसता गारा होतो. म्हातारी माणसं घसरतात, पोटुशी लेक माहेरी आली की जीव मुठीत धरून चालते. पण कर्ज काढून आणलेली खडी दुसऱ्या पावसाळ्यात मातीच्या पोटात गेली आणि हप्ते तेवढे वर राहिले, असंही आपल्याकडे झालंय. म्हणून ट्रॉली सांगण्याआधी हे वाचा, आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. कापसाला, सोयाबीनला हीच माती चांगली, कारण ती ओल धरून ठेवते. घरासमोर मात्र तोच तिचा गुण आडवा येतो. जुनी माणसं शेताला 'काळी' म्हणायची आणि गावठाणाला 'पांढरी'. वस्ती पांढरीवर, पीक काळीवर, असा हिशोब होता. आता गावठाण भरलं, घरकुलं गावाच्या कडेला काळीवर उभी राहिली. आजीचं अंगण सडा-सारवणावर भागायचं आणि तुमचं भागत नाही, त्याचं कारण हे आहे. तुमचा हात कमी पडतो असं मुळीच नाही.

ओली काळी माती लोण्यासारखी मऊ होते. वर खडी टाकली आणि त्यावरून माणसं, म्हशी, मोटारसायकल गेली की खडी खाली दबते आणि मधल्या फटींतून चिखल वर येतो. खडी कुठे पळून जात नाही, खालीच बसते. परत एक ट्रॉली टाकली तर तीही तशीच जाईल. रस्त्याचं काम चालू असेल तिथे जरा थांबून बघा. काळ्या मातीवर थेट खडी टाकत नाहीत, आधी मुरूम टाकून दाबतात. मुरूम दाबला की घट्ट बसतो आणि खडीला खाली जाऊ देत नाही. अंगणालाही हाच क्रम लागतो.

पण मुरमाच्याही आधी उतार. माझ्या मते निम्मं काम इथेच आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही, कारण ते दिसत नाही. पाणी घराच्या भिंतीपासून लांब गेलं पाहिजे. दर चार फुटाला एक इंच उतार पुरतो. म्हणजे अंगण पंधरा फूट असेल तर भिंतीकडची बाजू दुसऱ्या टोकापेक्षा साधारण चार इंच उंच हवी. नजरेवर जाऊ नका, गवंड्याकडची पाणी भरलेली लेव्हलची नळी लावून घ्या.

काहीजणी फूटभर खोल उकरून त्यात दगड भरायचं म्हणतात. आपल्या मातीत हे करू नका. खालची माती पाणी लवकर शोषत नाही, त्यामुळे त्या खड्ड्याचा हौद होतो आणि दगडांखाली पाणी साचून राहतं. भिंतीलगत असा हौद झाला तर पायाखालची माती फुगते आणि भिंतीला तडे जातात. वरची सैल माती, शेण-कचरा तेवढा खरवडून काढा. भेगा असतील तर त्या बुजवा, थोडं पाणी मारून धुमसाने ठोका. मग मुरूम दोन थरांत टाका. दर थर तीन इंचांचा, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमस. सहा इंच एकदम टाकून वरून ठोकलं तर वरचा भाग कडक होतो आणि खालचा पोकळ राहतो.

मुरूम चांगला आहे का, ते घरीच बघता येतं. काचेच्या ग्लासात मूठभर मुरूम आणि पाणी घालून ढवळा आणि रात्रभर ठेवा. तळाला खडे-रेती बसते, वर बारीक गाळाचा थर येतो. गाळच जास्त दिसला तर तो मुरूम म्हणजे विकत घेतलेली मातीच.

आता खडी. सगळ्या अंगणात खडी नकोच, असं मला वाटतं. खडीवर झाडू चालत नाही, हळद-डाळ वाळत घालता येत नाही, लेकरं अनवाणी खेळत नाहीत. मधलं अंगण दाबलेल्या मुरमाचंच ठेवा, त्यावर सारवताही येतं. खडी ठेवा ती पाण्याच्या जागी : नळाभोवती, रोजच्या पाऊलवाटेवर आणि पागोळ्या पडतात त्या रेघेवर. पत्र्यावरून पाणी पडून मातीचे शिंतोडे भिंतीवर उडतात ना, तिथे फूट-दीड फूट रुंद खडीची पट्टी टाकली की भिंत कोरडी राहते. सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक या पट्टीने पडतो. तिच्या कडेला उभे दगड रोवा, म्हणजे खडी पसरणार नाही.

न्हाणीचं पाणी या खडीत सोडू नका. त्याला वेगळा शोषखड्डा हवा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी गाव घरोघरच्या शोषखड्ड्यांमुळे डासमुक्त गाव म्हणून नावाजलं. आपल्याकडे मात्र खड्डा काळ्या मातीत संपवू नका, खाली मुरूम लागेपर्यंत न्या. नाहीतर तो आठ दिवसांत तुंबतो.

शेवटी हिशोब. वीस बाय पंधरा फुटांच्या अंगणात सहा इंच मुरूम म्हणजे १५० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे दीड ब्रास. ठोकल्यावर तो बसतो, म्हणून पावणेदोन ते दोन ब्रास धरा. ट्रॉली आली की टेपने लांबी, रुंदी आणि मालाची उंची मोजा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट भरलेली ट्रॉली ९० घनफूट होते, ब्रासला कमीच. "ब्रास आहे ताई" एवढ्यावर पैसे देऊ नका. मुरूम गौण खनिजात येतो, गायरानातून परस्पर उकरून आणला तर दंड होऊ शकतो. देणाऱ्याकडे परवान्याची पावती मागा.

तीन-चार घरांनी मिळून मागवलं तर वाहतूक वाटून जाते. धुमस आणि लेव्हलची नळी गटाने एकदाच आणावी, ती घरोघर फिरते. ज्यांना पुढच्या बैठकीत मागणी टाकायची आहे त्यांनी अंगणाची लांबी-रुंदी मोजून आणा, आणि पाऊस झाल्यावर पाणी कुठे थांबतं तिथे राखेने खूण करून ठेवा. अर्ज भरताना किती माल लागेल ते आपण तिथेच मांडू.