ख्रिस्ती मंडळीतील पक्षपात व व्यक्तिपूजा

ख्रिस्ती मंडळीच्या कारभारात काही सभासदांना त्यांची संपत्ती, वंश, जात, नातेसंबंध किंवा अधिकाऱ्यांशी असलेली जवळीक यांमुळे मिळणारे झुकते माप म्हणजे पक्षपात होय. बिशप, धर्मगुरू, पाळक किंवा मिशनरी यांच्याविषयी त्यांच्या पदास उचित अशा आदराची मर्यादा ओलांडून बाळगला जाणारा पूज्यभाव म्हणजे व्यक्तिपूजा. पहिला दोष अधिकाऱ्याकडून अनुयायांकडे व दुसरा अनुयायांकडून अधिकाऱ्याकडे जाणारा असल्याने ते भिन्न वाटतात. तथापि व्यवहारात ते परस्परांस पोसतात. नेमणूक, वेतन व शाळेतील प्रवेश ज्याच्या हाती असतात, त्याची मर्जी सांभाळणे हा निर्वाहाचाच भाग होतो. आणि ज्याच्या निर्णयाची चिकित्सा कोणी करीत नाही, त्याला आपल्या माणसांना पुढे आणणे सोपे जाते. मराठी भाषिकांत या संबंधाचे स्पष्ट दर्शन अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या इतिहासात घडते.

नव्या करारातील भूमिका : हे दोष ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळापासून ज्ञात होते. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभास्थानी सोन्याची अंगठी घालून आलेल्या श्रीमंतास मानाची जागा व मळक्या वस्त्रांतील दरिद्र्यास पायांजवळची जागा देण्याच्या प्रथेचा निषेध आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ‘आपण पौलाचे’, ‘आपण अपुल्लोसाचे’ असे म्हणणाऱ्या गटांची कानउघाडणी केली आहे. आपल्या पाया पडणाऱ्या कर्नेल्यास पेत्राने उठविले व आपणही माणूसच आहोत असे सांगितले, ही हकीकत प्रेषितांच्या कृत्यांत आली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात गुरू, पिता यांसारख्या मानाच्या उपाधी मिरविण्याविरुद्ध येशूने शिष्यांस इशारा दिला आहे. दुसरीकडे, मंडळीची सेवा करणाऱ्या वडिलांस मान द्यावा, असेही नवा करार सांगतो. त्यामुळे आदर ठेवावा की नाही हा वादाचा विषय नसून, तो आदर कामासाठी आहे की व्यक्तीसाठी, हा मूळ प्रश्न आहे.

चर्चच्या इतिहासातील स्वरूप : चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील डोनेटसपंथीयांनी अपात्र धर्मगुरूने दिलेले संस्कार निष्फळ ठरतात, असा पक्ष मांडला. त्यास उत्तर देताना संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी संस्काराची सत्यता ख्रिस्तापासून येते, धर्मगुरूच्या वैयक्तिक पावित्र्यापासून नव्हे, असे प्रतिपादिले. या सिद्धांताने व्यक्ती व पद यांत भेद केला. मात्र लोकव्यवहारात पदाचे पावित्र्य पुष्कळदा व्यक्तीस चिकटले आणि तिच्या दोषांवर पांघरूण घातले गेले. धर्मपदांचा पैसे घेऊन व्यवहार करण्यास ४५१ च्या कॅल्सिडन परिषदेने बंदी केली. मध्ययुगाच्या उत्तरार्धात व त्यानंतर अनेक पोपांनी आपल्या पुतण्या-भाच्यांस कार्डिनलपदे व जमिनी दिल्या. ही प्रथा पोप बारावे इनोसंट यांनी १६९२ च्या आज्ञापत्राने बंद केली. प्रॉटेस्टंट पंथांनी पोपची सत्ता नाकारली, तरी पक्षपात त्यांच्यातून गेला नाही. इंग्लंड-अमेरिकेतील अनेक चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकातही पुढील बाके भाड्याने दिली जात आणि गरिबांस मागे किंवा सज्ज्यात बसावे लागे.

गोव्यातील संघर्ष : पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मसत्तेत वंशभेद प्रखर होता. दिवाडी बेटावरील मातेउश द काश्त्रू यांस गोव्यात दीक्षा नाकारली गेली. ते रोमला गेले व १६३७ मध्ये त्यांची बिशप म्हणून विजापूरच्या प्रदेशावर नेमणूक झाली. परंतु गोव्यातील पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांचे अधिकार मानले नाहीत. पुढे मार्केझ द पोंबाल यांच्या कारकीर्दीत एतद्देशीयांस समान हक्क देणारी फर्माने निघाली, तरी वरिष्ठ धर्मपदे गोमंतकीय धर्मगुरूंस सहसा मिळेनात. या असंतोषातून १७८७ मध्ये कांदोळी येथील पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा कट उद्‌भवला. तो उघडकीस आल्यावर १७८८ मध्ये पंधरा जणांना देहदंड झाला आणि अनेक धर्मगुरूंना लिस्बनला पाठविण्यात आले. या कटात धर्मगुरूच अग्रभागी होते, यावरून नेमणुकांतील पक्षपात किती तीव्रतेने जाणवत होता, हे दिसते.

अहमदनगर जिल्ह्यातील मिशन व मंडळी : अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईस सुरू झाले व १८३१ मध्ये अहमदनगर येथे त्याचे ठाणे स्थापन झाले. या मिशनच्या मंडळ्या काँग्रिगेशनल परंपरेतील होत्या. या परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते व पाळकाची निवड सभासदच करतात. म्हणजे तत्त्वतः येथे व्यक्तिपूजेस फारसा वाव नव्हता. मिशनच्या अमेरिकेतील मातृसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन (१७९६–१८८०) यांनी स्वशासन, स्वावलंबन व स्वप्रसार ही एतद्देशीय मंडळीची तीन लक्षणे सांगितली होती. १८५४ मध्ये त्यांच्या भेटीच्या सुमारास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस अहमदनगर येथे पाळकपदाची दीक्षा मिळाली.

प्रत्यक्षात मात्र आर्थिक परिस्थितीने या तत्त्वावर मात केली. जिल्ह्याचा दक्षिण भाग पर्जन्यछायेतील आहे. नगर–सोलापूर रस्त्यावरील मिरजगाव ज्यात येते, तो कर्जत तालुका अवर्षणासाठी प्रसिद्ध आहे. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर जिल्ह्यात मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनच्या वसतिगृहांत अनाथ मुलांची भर पडली. नवे सभासद बहुतांशी महार व काही प्रमाणात मांग समाजांतील असून त्यांपैकी बहुतेक भूमिहीन किंवा अल्पभूधारक होते. अशा मंडळ्यांस पाळकाचे वेतन पेलणे कठीण असल्याने ते पूर्णतः वा अंशतः मिशनकडून येई. खेड्यातील शिक्षक हाच पुष्कळदा रविवारचा उपदेशकही असे. त्याची नेमणूक, बदली व बढती मिशनऱ्याच्या हाती असे. वसतिगृहातील जागा, पुढील शिक्षण आणि नोकरीसाठीचे शिफारसपत्र यांचा मार्गही मिशनच्या बंगल्यावरूनच जाई. त्यामुळे ‘साहेब’ हा धर्मशिक्षक, धनी व पालक अशा तिहेरी नात्याने वावरू लागला आणि ‘मायबाप’ म्हणून त्यास संबोधण्याची रीत पडली.

या पूज्यभावात कृतज्ञतेचा भाग मोठा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. रॉबर्ट ॲलन ह्यूम (१८४७–१९२९) यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी दुष्काळात केलेल्या कार्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांस शाळेची दारे उघडली गेली, हीही सामान्य गोष्ट नव्हती. तथापि कृतज्ञतेचे रूपांतर अवलंबित्वात झाले, की मतभेद हा कृतघ्नपणा मानला जातो. बंगल्याच्या जवळची कुटुंबे व दूरच्या खेड्यांतील कुटुंबे यांच्यातील अंतर वाढते आणि तक्रार ऐकणारा व जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती एकच असल्यामुळे दाद मागण्यास जागा उरत नाही.

रमाबाई व टिळक यांची चिकित्सा : या प्रश्नाचा सर्वांत मूलगामी विचार दोन मराठी ख्रिस्ती व्यक्तींनी केला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अँग्लिकन संन्यासिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात, बिशप वा धर्मगुरू यांचे प्रत्येक वचन ईश्वराज्ञा म्हणून स्वीकारण्यास त्यांनी ठाम नकार दिला. पुरोहितवर्गाच्या वर्चस्वातून बाहेर पडल्यावर तसेच दुसरे वर्चस्व पत्करणे त्यांस मान्य नव्हते. सदसद्विवेक व बायबलचे स्वतंत्र वाचन यांस त्यांनी प्रमाण मानले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर अहमदनगर व राहुरी येथे मिशनच्या सेवेत दोन दशकांहून अधिक काळ घालविला. १८४२ मध्ये अहमदनगर येथे निघालेल्या ज्ञानोदय या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. ह्यूम यांच्याशी त्यांचा स्नेह होता. त्यांचा आक्षेप व्यक्तींवर नसून व्यवस्थेवर होता. मिशनरी व एतद्देशीय ख्रिस्ती यांच्यातील नाते धनी व नोकर यांचे न राहता बंधुत्वाचे व्हावे, मंडळीचा पेहराव, भाषा व उपासना देशी असावी आणि मिशनच्या पगारावर अवलंबून असलेली मंडळी स्वतंत्र होऊ शकत नाही, असे त्यांचे मत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची सेवा सोडली व सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे येशूचे सर्व अनुयायी त्यात समान मानले जात. मात्र दरबाराचा आधार मुख्यत्वे टिळकांचे व्यक्तिमत्त्व हाच होता. दोन वर्षांच्या आत त्यांचे निधन झाले व दरबार क्षीण होत गेला. परकीय साहेबाच्या जागी आदरणीय देशी गुरू आल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. नेता गेल्यानंतरही टिकणारी व्यवस्था आवश्यक असते, हे या प्रयोगावरून दिसून येते.

जातिभेद : पक्षपाताचे भारतातील सर्वांत चिवट रूप जातीचे आहे. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ मध्ये दक्षिणेतील मंडळ्यांना पत्र लिहून चर्चमधील बैठक व प्रभुभोजन यांत जातिभेद पाळण्यास मनाई केली. तिला तेथे तीव्र विरोध झाला. अहमदनगरच्या मंडळ्यांनी जातित्याग ही सभासदत्वाची अट मानली व सहभोजनाचा पुरस्कार केला. असे असले, तरी येथील बहुसंख्य सभासद अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील असताना १८५४ चे दोन्ही पाळक आणि टिळक हे ब्राह्मण कुटुंबांत जन्मलेले होते. शिक्षणाची पूर्वापार संधी हे त्याचे मुख्य कारण होय. परंतु जात टाकल्यानंतरही जातीमुळे मिळालेले अग्रस्थान कसे टिकते, हे त्यावरून कळते. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमध्ये अस्पृश्यतेचे व्यवहार आढळतात, हे मान्य केले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे २०२२ मध्ये दलित समाजातील पहिले कार्डिनल झाले.

स्वातंत्र्योत्तर काळ : एतद्देशीयांकडे नेतृत्व सोपविण्याचे एक लक्षणीय उदाहरण मुंबईचे आहे. तेथील इंग्रज आर्चबिशप टॉमस रॉबर्ट्स हे १९४६ मध्ये आपणहून मुंबईबाहेर राहू लागले, जेणेकरून साहाय्यक बिशप व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या हाती कारभार यावा. १९५० मध्ये ग्रेशस आर्चबिशप व १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले. काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन मंडळ्यांचे १९२४ मध्ये उत्तर भारत संयुक्त मंडळीत एकीकरण झाले होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारत चर्च अस्तित्वात आले. त्यामुळे पूर्वी बिशप नसलेल्या मंडळ्या बिशपच्या अधिकाराखाली आल्या. मिशनऱ्यांचे अधिकार बिशप, धर्मप्रांताची समिती व विश्वस्त यांच्याकडे गेले. त्यांबरोबर शाळा, रुग्णालये व शहरांतील मोलाच्या जमिनीही त्यांच्या ताब्यात आल्या. परिणामी देशाच्या अनेक भागांत समित्यांच्या निवडणुका, नोकरभरती व जमिनींची विक्री यांवरून तंटे होऊन ते न्यायालयांत गेले. गुजरातमधील ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, सार्वजनिक न्यासाची मालमत्ता केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने दुसऱ्या संस्थेकडे जात नाही, असा निर्णय दिला.

नियंत्रणाचे उपाय : महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार नोंदलेल्या चर्चसंस्थांस हिशेबतपासणी करून घ्यावी लागते, स्थावर मालमत्तेच्या विक्रीस धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) प्रापंचिकांच्या सहभागावर भर दिला आणि १९८३ च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती अनिवार्य केली. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये श्रद्धावंतांस लिहिलेल्या पत्रात, धर्मगुरूंना प्रश्नातीत मानण्याची वृत्ती लैंगिक अत्याचार व सत्तेचा दुरुपयोग यांस पोषक ठरते, असे सांगून तिचा त्याग करण्याचे आवाहन केले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पदाची ठरावीक मुदत, पाळकांची नियमित बदली आणि आप्तांच्या नेमणुकीवेळी संबंधिताने निर्णयातून दूर राहणे, हे उपाय सुचविले जातात.

नियम असूनही लहान मंडळीत त्यांचा वापर करणे अवघड असते. एखाद्या खेड्यात पाचपन्नास कुटुंबांची मंडळी असते. तेथे पाळकाविरुद्ध बोलणारा सभासद त्याच पाळकाकडून मुलाचा बाप्तिस्मा, मुलीचे लग्न व वडिलांचा दफनविधी करवून घेणार असतो. अशा ठिकाणी हिशेब सर्वांसमोर वाचून दाखविणे, सभासदांच्या सभा नियमित भरविणे आणि तक्रार ऐकण्याचे काम मंडळीबाहेरील व्यक्तींकडे सोपविणे, यांस विशेष महत्त्व आहे. या उपायांनी पाळकाविषयीचा आदर कमी होत नाही. त्यास केवळ मर्जी व भीती यांवर विसंबावे लागत नाही. स्वतःच्या वर्गणीतून पाळकाचे वेतन देणाऱ्या मंडळीस त्याचा मान राखूनही त्यास प्रश्न विचारता येतो. अँडरसन यांच्या त्रिसूत्रीत स्वशासनास स्वावलंबनाची जोड देण्यात आली होती, ती याच कारणाने.