अक्कलदाढ काढायची आहे? गोळीची वेळ आधीच विचारा

अक्कलदाढ काढून आलेली बाई घरी येते तेव्हा बरी असते. ओठ बधिर, गालात कापूस, पण बोलते-चालते. संध्याकाळी मात्र कानशिलापर्यंत ठणका लागतो आणि घरचे आमच्याकडे धावत येतात. गोळ्यांची पुडी पिशवीत तशीच असते, कारण दुखल्यावर घेऊ असे ठरलेले. वस्तीत हे आम्ही नेहमी पाहतो.

खालच्या जबड्यात दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनाने ओठ साधारण दोन ते चार तास बधिर राहतो. तेवढ्या वेळात दुखत नाही, पण आत जखमेचे काम चालूच असते. हिरडी कापलेली असते, बऱ्याचदा थोडे हाडही कोरलेले असते. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होतात आणि त्यांच्यामुळे सूज व ठणका वाढतो. आयबुप्रोफेनची गोळी हे पदार्थ तयार होणे रोखते. तिला लागू पडायला अर्धा-एक तास लागतो, म्हणून ती भूल उतरण्याआधीच पोटात गेलेली बरी. काही डॉक्टर दाढ काढण्याच्या तासभर आधी देतात, काही काढल्यावर लगेच. कधी घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा, पण खुर्चीवर बसण्याआधी विचारा.

नंतरही पहिले दोन-तीन दिवस दुखण्याची वाट न पाहता, सांगितलेल्या वेळी घड्याळ पाहून गोळी घ्यायची. काहीतरी खाऊन घ्यायची. खालच्या अक्कलदाढेनंतर आयबुप्रोफेन ४०० हे पॅरासिटामॉलपेक्षा जास्त आराम देते, असे २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. डॉक्टर पुष्कळदा दोन्ही मिळून देतात. इथे एक धोका आहे. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आधीच असते. तिच्यावर दुकानातून आणखी वेगळी गोळी आणली की नकळत दुप्पट डोस जातो. नावे वेगळी, औषध तेच! जनऔषधी केंद्रात हीच औषधे स्वस्त मिळतात, तिथेही पाकिटावरचे औषधाचे नाव वाचून घ्या.

आयबुप्रोफेन सगळ्यांना चालत नाही. पोटात अल्सर, किडनीचा आजार, दमा, गरोदरपण, रक्त पातळ करण्याची गोळी, यांपैकी काही असेल तर आधी सांगा. बीपी, शुगरचेही सांगा. दारू रोज घेणाऱ्याने ते लपवू नये, कारण पॅरासिटामॉलचा भार लिव्हरवर येतो. दुखऱ्या हिरडीवर गोळी चुरून लावू नका, तिथली कातडी भाजते.

मिश्री, तंबाखू, बिडी निदान आठवडाभर बंद. चूळ जोरात भरू नका, स्ट्रॉने पिऊ नका. खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठ निसटली की हाड उघडे पडते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कमी होत आलेला ठणका एकदम वाढतो आणि तोंडाला घाण वास येतो. असे झाले तर गोळ्या वाढवत बसू नका, दवाखान्यात जा. ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा रक्त थांबेना, तरी त्याच दिवशी जायचे. आपल्या जिल्ह्यात लोणीला प्रवरेचे आणि संगमनेरजवळ घुलेवाडीला एसएमबीटीचे दंत महाविद्यालय आहे.

मजुरीवर जाणाऱ्या बायका दुसऱ्याच दिवशी कामाला निघतात. सूज दोन-तीन दिवस वाढतच असते. शक्य असेल तर दाढ काढण्याचा दिवस असा धरा, की पुढचे दोन दिवस घरी राहता येईल.